शिकारी रायफलीची नळी किती लांब घ्यावी?

अमेरिका किंवा कॅनडा येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील ज्या व्यक्ती तेथील कायद्यानुसार परवाना काढून हरीण, एल्क किंवा रानडुकराच्या शिकारीकडे वळतात, त्यांना पहिली रायफल घेताना एकाच प्रश्नाचा घोळ पुन्हा पुन्हा पडतो: दुकानात एकच रायफल, त्याच काडतुसासाठी, १६, २०, २२, २४ किंवा २६ इंची नळीसह मांडलेली असते आणि किमतीत फारसा फरक नसल्यामुळे निवड कशाच्या आधारावर करावी हे उमगत नाही. कोणी सांगतो की लांब नळीचा नेम अधिक अचूक लागतो, कोणी सांगतो की आखूड नळीच्या रायफलीत जोरच नसतो, तर कोणी आखूड नळीशिवाय जंगलात पाऊल टाकू नये असे बजावतो. या तिन्ही सल्ल्यांत थोडे तथ्य आणि बरीच अतिशयोक्ती आहे.

नळीच्या लांबीने प्रामुख्याने गोळीचा वेग बदलतो, नेमाची अचूकता नव्हे, आणि वेगातील हा फरक शिकाऱ्याच्या दृष्टीने अंतरातील फरक असतो. त्यामुळे आपण कोणत्या प्राण्यावर, कोणत्या भूभागात आणि जास्तीत जास्त किती अंतरावरून बार टाकणार आहात हे आधी ठरवले, तर लांबीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. पुढील मजकुरात तिकडील प्रचलित मापे वापरली आहेत. एक यार्ड म्हणजे ०.९१ मीटर, एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, आणि ग्रेन हे गोळी व दारू तोलण्याचे एकक असून १५० ग्रेनची गोळी सुमारे ९.७ ग्रॅम भरते.

नळीची लांबी कशी मोजली जाते

रायफलीची नळी बाहेरून जेवढी दिसते तेवढीच नसते. काडतूस ज्या पोकळीत बसते तो कक्षही नळीचाच भाग मानला जातो, म्हणून लांबी मोजताना बंद बोल्टच्या पुढच्या सपाट पृष्ठभागापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर धरतात. ते घरी तपासायचे असल्यास पुढील क्रम पाळावा.

1. काडतूसपेटी काढून रायफल पूर्ण रिकामी करावी आणि कक्ष डोळ्यांनी व बोटाने असा दोनदा तपासावा.
2. बोल्ट बंद करून नळीच्या तोंडातून एक सरळ लाकडी काठी बोल्टला टेकेपर्यंत हलकेच आत सरकवावी.
3. नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करावी, काठी बाहेर काढावी आणि खुणेपर्यंतची लांबी मोजावी.

नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवलेले धक्काशामक किंवा आवाजशामक साधन या लांबीत धरले जात नाही. वेल्डिंगसारख्या कायमस्वरूपी पद्धतीने जोडलेले साधन मात्र धरले जाते, आणि पुढे येणाऱ्या कायदेशीर मर्यादांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

वेग का आणि किती बदलतो

चाप ओढल्यावर काडतुसातील दारू जळून वायू तयार होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. दारूचा बहुतेक भाग नळीच्या पहिल्या काही इंचांतच जळून जातो, परंतु वायूचा दाब त्यानंतरही शिल्लक असल्यामुळे गोळी नळीत असेपर्यंत तिचा वेग वाढत राहतो. नळी जितकी लांब तितका हा दाब अधिक काळ कामी येतो, मात्र दाब सतत घटत असल्याने प्रत्येक पुढच्या इंचाचा लाभ मागच्या इंचापेक्षा कमी असतो. हा लाभ किती, हे मुख्यतः नळीच्या व्यासाच्या तुलनेत काडतुसात दारू किती आहे यावर अवलंबून असते.

- .२२ लाँग रायफल: या चिमुकल्या काडतुसात दारू इतकी थोडी असते की सुमारे १६ ते १८ इंचांनंतर वेग वाढत नाही, उलट घर्षणामुळे किंचित घटूही शकतो. खारी किंवा सशाच्या शिकारीसाठी याहून लांब नळी घेतल्याने वेगाच्या दृष्टीने काहीच पदरात पडत नाही.
- .३०८ विंचेस्टर, .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर: मध्यम क्षमतेच्या या काडतुसांत दर इंचामागे साधारणपणे २० ते ३० फूट प्रति सेकंद इतका फरक पडतो.
- .३०० विंचेस्टर मॅग्नम, ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम: सुमारे ७० ग्रेन सावकाश जळणारी दारू सामावणाऱ्या या वर्गातील काडतुसांत दर इंचामागे ३० फूट प्रति सेकंद किंवा त्याहूनही अधिक घट होऊ शकते, म्हणून आखूड नळीचा फटका यांनाच सर्वाधिक बसतो.
- .३०० ब्लॅकआउट आणि .३५० लेजंड: ही काडतुसे मुळातच आखूड नळ्या डोळ्यांसमोर ठेवून घडवली असल्याने १६ इंची नळीतही त्यांची जवळजवळ पूर्ण क्षमता मिळते.

येथे एक बाब ध्यानात ठेवावी. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड यांसारख्या काडतुसांच्या खोक्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंची चाचणी-नळीतून मोजलेला असतो. .३०८ विंचेस्टरच्या १५० ग्रेन गोळीसाठी २,८२० फूट प्रति सेकंद असा आकडा सर्रास दिसतो, परंतु आपल्या रायफलीची नळी २० इंची असेल तर प्रत्यक्ष वेग सुमारे २,७२० आणि १६ इंची असेल तर सुमारे २,६२० किंवा त्याहून किंचित कमी असेल असे गृहीत धरावे.

वेगातील फरक यार्डांत मोजावा

शंभर फूट प्रति सेकंद वेग कमी झाला, एवढ्यावरून शिकाऱ्याला कोणताही निर्णय घेता येत नाही. त्यासाठी गोळी प्राण्याला लागते त्या क्षणीचा वेग, म्हणजे आघातवेग, विचारात घ्यावा लागतो. शिकारीची गोळी शरीरात शिरल्यावर पसरावी आणि प्राणी त्वरित व कमीत कमी यातना होऊन मरावा अशी तिची रचना असते, पण त्यासाठी आघातवेग किमान मर्यादेपेक्षा अधिक असावा लागतो. मऊ टोकाच्या बहुतेक पारंपरिक गोळ्यांसाठी ही मर्यादा १,८०० ते २,००० फूट प्रति सेकंदांच्या दरम्यान असते, तर दूरच्या अंतरासाठी बनवलेल्या काही गोळ्या याहून कमी वेगातही पसरतात. नेमका आकडा गोळीच्या निर्मात्याच्या माहितीपत्रकात दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा.

.३०८ विंचेस्टरची साधी १५० ग्रेन गोळी २४ इंची नळीतून २,८२० फूट प्रति सेकंद वेगाने निघाली, तर हवेच्या रोधामुळे तिचा वेग १०० यार्डांवर सुमारे २,५३०, २०० यार्डांवर २,२६०, ३०० यार्डांवर २,०१० आणि ४०० यार्डांवर १,७७० इतका उरतो. म्हणजेच ती दर १०० यार्डांत अंदाजे २४० ते २९० फूट प्रति सेकंद वेग गमावते. आखूड नळीने हिरावलेले १०० फूट प्रति सेकंद आणि ३५ ते ४० यार्ड जास्तीचे अंतर यांचा परिणाम त्यामुळे जवळजवळ सारखाच असतो. किमान आघातवेग २,००० धरल्यास या गोळीची परिणामकारक मर्यादा पुढीलप्रमाणे येते.

- २४ इंची नळी: सुमारे ३०० यार्ड
- २० इंची नळी: सुमारे २६५ यार्ड
- १६ इंची नळी: सुमारे २२५ ते २३० यार्ड

थोडक्यात, या काडतुसात एक इंच नळी म्हणजे सुमारे नऊ यार्ड असा ढोबळ हिशेब मांडता येतो. लांबट, निमुळत्या आणि हवा सहज कापणाऱ्या गोळीचा वेग सावकाश घटत असल्याने तिच्या बाबतीत हाच हिशेब यार्डांत थोडा मोठा दिसतो, पण अशा गोळीची मूळ मर्यादाही तितकीच दूरची असते.

गोळीच्या घसरणीतील फरक याहूनही लहान असतो. दोन्ही रायफलींचा नेम २०० यार्डांवर जुळवला असेल, तर २,८२० आणि २,७२० या वेगांमुळे ३०० यार्डांवर पडणारा फरक एक इंचापेक्षा कमी आणि ४०० यार्डांवर दोन इंचांच्या आसपास असतो. हरणाच्या छातीतील मर्मभाग साधारण आठ इंच व्यासाचा धरला जातो हे लक्षात घेता, ३०० यार्डांच्या आतील शिकारीत या फरकाने निर्णय बदलण्याचे कारण नाही.

अचूकतेबाबतचा गैरसमज

लांब नळी अधिक अचूक असते हा समज दुर्बिणीविना नेम धरण्याच्या काळात रुजला. नळीच्या टोकावरील माशी आणि मागची खाच यांतील अंतर जितके अधिक, तितकी नेम धरतानाची चूक कमी होते, म्हणून त्या साधनांसाठी लांब नळी खरोखरच उपकारक होती आणि आजही आहे. दुर्बीण बसवलेल्या रायफलीत मात्र हे कारण उरत नाही.

उलट, सारख्याच जाडीच्या दोन नळ्यांपैकी आखूड नळी अधिक ताठ असते. एका टोकाला घट्ट धरलेली पट्टी दुसऱ्या टोकाच्या भाराने किती वाकेल हे तिच्या लांबीच्या घनावर अवलंबून असते, त्या हिशेबाने २४ ऐवजी २० इंची नळी सुमारे ४० टक्के कमी वाकते. याचा अर्थ आखूड नळी आपोआप अचूक ठरते असाही नव्हे, कारण अचूकता ही नळीच्या आतील सर्पिल खाचांचा दर्जा, कक्षाचा नेमकेपणा, नळीच्या तोंडाची कडा, दस्त्यात यंत्रणेची बैठक, काडतुसाची जुळणी आणि सर्वांत अधिक नेमबाजाचा सराव यांवर ठरते. लांबीच्या नावावर अचूकता विकत घेण्याचा प्रयत्न व्यर्थ जातो एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

वजन, हाताळणी, धक्का आणि आवाज

लांबी कमी केल्याने जे मिळते आणि जे गमवावे लागते, त्याचा ताळेबंद पुढीलप्रमाणे आहे.

- वजन: शिकारी रायफलीच्या सडपातळ नळीच्या पुढच्या भागात दर इंचाला सुमारे ३० ग्रॅम, तर जाड नळीत सुमारे ७० ग्रॅम पोलाद असते. चार इंच कमी झाल्याने वाचणारे सव्वाशे ग्रॅम फारसे नसले, तरी ते रायफलीच्या टोकाकडचे असल्याने रायफल खांद्याला लावून वळवताना फरक स्पष्ट जाणवतो, आणि दीर्घ नेम धरताना हेच टोकाचे वजन नळी स्थिर ठेवण्यास मदतही करते.
- हाताळणी: मचाणावर, कापडी लपणात, दाट झुडपांत किंवा घोड्यावरून जाताना लांब रायफल अडखळते. लपणाच्या खिडकीतून बार टाकताना नळीचे तोंड पूर्णपणे बाहेर असणे आवश्यक असते, म्हणून तेथे प्रत्यक्ष मांडणी करून पाहावी.
- धक्का: हलक्या रायफलीचा धक्का अधिक जाणवतो. आखूड नळीत गोळीचा वेग किंचित कमी असल्याने धक्क्यात थोडी घट होते, पण ती हलकेपणामुळे होणारी वाढ क्वचितच भरून काढते.
- आवाज आणि ज्वाळा: आखूड नळीतून वायू अधिक दाबाने बाहेर पडतो आणि नळीचे तोंड नेमबाजाच्या चेहऱ्याच्या जवळ येते, म्हणून आवाज व ज्वाळा दोन्ही वाढतात. १४० डेसिबलच्या वरचा एकच बारही श्रवणशक्तीला कायमची इजा करू शकतो आणि शिकारी रायफलींचा आवाज सामान्यतः १५५ डेसिबलच्या पुढे असतो, त्यामुळे नळी कितीही लांब असली तरी कानांना संरक्षण हवेच. धक्काशामक साधनाने धक्का कमी होतो पण आवाज आणखी वाढतो.
- आवाजशामक: हे साधन बसवल्यास रायफलीची लांबी सुमारे सहा ते नऊ इंचांनी वाढते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ते कायदेशीर प्रक्रियेनंतर शिकारीत वापरता येते, आणि ते बसवण्याचा विचार असेल तर १६ ते २० इंची व तोंडाशी आटे पाडलेली नळी निवडणे सोयीचे ठरते.

कोणत्या शिकारीला कोणती लांबी

१६ ते १८ इंच. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन किंवा विस्कॉन्सिनच्या दाट जंगलांत व्हाइटटेल हरणावर बहुतेक बार शंभर यार्डांच्या आतच टाकले जातात. तेथे १६ इंची .३०८ रायफलीच्या साध्या १५० ग्रेन गोळीचा आघातवेग १०० यार्डांवर २,३५० फूट प्रति सेकंदांच्या आसपास असतो, जो गोळी पसरण्यास पुरून उरतो. टेक्सासमध्ये रानडुकरांच्या शिकारीसाठी, आणि ओहायोसारख्या राज्यात जेथे हरणासाठी सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींनाच परवानगी आहे तेथेही ही लांबी योग्य ठरते. मॅग्नम काडतुसांसाठी मात्र ती टाळावी.

२० ते २२ इंच. एकच रायफल घेऊन जंगलातील हरीण, शेताच्या कडेवरचे बार आणि अधूनमधून डोंगराळ भागातील शिकार असे सगळे साधायचे असेल, तर .३०८, .२४३ किंवा ६.५ क्रीडमूरसाठी २० ते २२ इंच आणि .३०-०६ साठी २२ इंच ही सर्वसमावेशक निवड आहे. अमेरिकन जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या विंचेस्टर १८९४ या लिव्हर यंत्रणेच्या .३०-३० कार्बाइनचीही नळी २० इंची असते.

२४ ते २६ इंच. वायोमिंगच्या मोकळ्या माळरानावर प्रॉन्गहॉर्नची किंवा कोलोरॅडोच्या उंच कुरणांवर एल्कची शिकार करताना ३०० यार्डांच्या पुढील बाराची शक्यता खरी असते. मॅग्नम काडतूस घ्यायचेच असेल तर ही लांबी घेणे तर्कसंगत ठरते. .३०० विंचेस्टर मॅग्नमची १८० ग्रेन गोळी २४ इंची नळीतून सुमारे २,९६० फूट प्रति सेकंद वेगाने निघते, तर .३०-०६ ची तेवढीच गोळी सुमारे २,७०० वेगाने. तीच मॅग्नम रायफल २० इंची घेतली, तर दोहोंतील हे अंतर जवळजवळ निम्म्यावर येते आणि मॅग्नमचा धक्का, आवाज व महाग काडतुसे मात्र तशीच राहतात.

निर्णयाच्या पायऱ्या

1. अंतर ठरवावे. आपल्याला शिकारीच्या ठिकाणी मिळू शकणारे आणि आपल्या सरावाला झेपणारे जास्तीत जास्त अंतर ठरवावे. ज्या अंतरावर बसून वा गुडघ्यावर टेकून सलग गोळ्या आठ इंची वर्तुळात बसत नाहीत, ते अंतर नळी कितीही लांब असली तरी आपले नव्हे.
2. काडतूस आणि गोळी निवडावी. प्राणी, राज्याचा नियम आणि सहन होणारा धक्का यांनुसार काडतूस ठरवून निवडलेल्या गोळीचा किमान आघातवेग निर्मात्याच्या माहितीतून काढावा.
3. वेगाची वजाबाकी करावी. खोक्यावरील वेगातून, चाचणी-नळीपेक्षा कमी असलेल्या प्रत्येक इंचामागे मध्यम काडतुसांसाठी २५ आणि मॅग्नमसाठी ३५ फूट प्रति सेकंद वजा करावेत, आणि मिळालेला वेग काडतूस-निर्मात्यांच्या मोफत गणकयंत्रात घालून ठरवलेल्या अंतरावरचा आघातवेग पाहावा.
4. आघातवेग पुरेसा असल्यास आखूड नळी घ्यावी. अपुरा पडल्यास आधी कमी वेगात पसरणारी गोळी पाहावी, त्यानंतर लांब नळी पाहावी आणि अधिक मोठे काडतूस हा शेवटचा पर्याय ठेवावा.
5. रायफलीची एकूण लांबी पाहावी. हातात नळी नव्हे, संपूर्ण रायफल येते. लांब बोल्ट नसलेल्या एकबारी रायफलीची यंत्रणा इतकी आटोपशीर असते की तिची २६ इंची नळीसह एकूण लांबी २२ इंची नळीच्या बोल्ट रायफलीच्या जवळपास येते.
6. खरेदीनंतर वेग मोजावा. वेगमापक यंत्राने दहा बारांचा वेग नोंदवून दुर्बिणीचे गणित त्याच आकड्यांवर बसवावे.

हमखास होणाऱ्या चुका

- दोन इंचांवर घासाघीस: एकाच लांबीच्या दोन नळ्यांतही ५० फूट प्रति सेकंदांपर्यंतचा फरक आढळू शकतो, म्हणून २२ की २४ या प्रश्नावर फार काळ अडून बसू नये.
- खोक्यावरील वेग गृहीत धरणे: काही दुर्बिणींवर ठरावीक वेगासाठी अंतराच्या खुणा आखलेल्या असतात. आखूड नळीच्या रायफलीवर त्या जशाच्या तशा वापरल्यास दूरचे बार खाली जातात.
- आखूड नळीसाठी जलद दारू शोधणे: स्वतः काडतुसे भरणाऱ्यांत हा समज दृढ आहे. एखाद्या काडतुसात लांब नळीला सर्वाधिक वेग देणारी दारूच सामान्यतः आखूड नळीलाही सर्वाधिक वेग देते. काडतुसे भरताना प्रकाशित तक्त्यांतील मर्यादा कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये.
- घरी नळी कापणे: नळीच्या तोंडाची कडा किंचितही तिरकी झाली तर वायू एका बाजूने आधी निसटून गोळीला ढकलतो आणि अचूकता जाते. हे काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडूनच करून घ्यावे, कायदेशीर किमान लांबीपेक्षा किमान अर्धा इंच जास्त राखावा, आणि निर्मात्याची हमी संपुष्टात येईल का हे आधी विचारावे.

कायदा: मर्यादा आणि हक्क

नळीच्या लांबीबाबतची चूक ही काही देशांत गंभीर गुन्हा ठरते, म्हणून पुढील बाबी खरेदीपूर्वीच तपासाव्यात.

- अमेरिका, लांबी: १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार १६ इंचांपेक्षा आखूड नळीची किंवा एकूण २६ इंचांपेक्षा आखूड रायफल संघीय नोंदणी व पूर्वमंजुरीशिवाय बनवणे वा बाळगणे गुन्हा आहे. अशा रायफलीवरील २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला गेला असला, तरी नोंदणीची अट कायम आहे आणि काही राज्यांत अशा रायफलींना पूर्ण बंदी आहे.
- अमेरिका, राज्यांचे शिकार-नियम: प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात. कोलोरॅडोत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी रायफलीची नळी किमान १६ इंच असावी लागते आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड आघातऊर्जा असावी लागते. शिकार-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र बहुतेक राज्यांत परवान्याआधी घ्यावे लागते.
- अमेरिका, व्हिसाधारक: एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे. मात्र अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार-परवाना असल्यास कायद्यातच अपवाद दिलेला आहे. परवान्याची मुदत संपली की हा आधारही संपतो, त्यामुळे तारखांकडे लक्ष ठेवावे आणि खरेदीपूर्वी इमिग्रेशन कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा. ग्रीनकार्डधारकांना ही विशेष अट लागू नाही. दुसऱ्यासाठी बंदूक विकत घेऊन ती स्वतःसाठी असल्याचे फॉर्मवर लिहून देणे हा दोघांनाही अडचणीत आणणारा संघीय गुन्हा आहे.
- कॅनडा: सुरक्षा-प्रशिक्षण आणि बंदूक बाळगण्याचा संघीय परवाना अनिवार्य असून शिकारीचा परवाना प्रांताकडून वेगळा घ्यावा लागतो. मध्यदाही काडतुसाच्या, म्हणजे ज्याची टोपी बुडाच्या मधोमध असते अशा काडतुसाच्या, अर्धस्वयंचलित रायफलीची नळी ४७० मिलिमीटरपेक्षा आखूड असेल तर ती निर्बंधित वर्गात जाते, आणि कोणत्याही रायफलीची नळी कापून ४५७ मिलिमीटरपेक्षा कमी केल्यास ती प्रतिबंधित ठरते.
- जर्मनी आणि स्कॉटलंड: जर्मन शिकार-कायद्यानुसार रो हरणासाठी १०० मीटरवर किमान १,००० जूल आणि इतर मोठ्या खुरधारी प्राण्यांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यासाची गोळी व २,००० जूल ऊर्जा लागते. स्कॉटलंडमध्ये रेड डिअरसारख्या मोठ्या हरणांसाठी गोळीचा प्रारंभिक वेग किमान २,४५० फूट प्रति सेकंद असावा लागतो. जड गोळी आणि आखूड नळी एकत्र आल्यास या मर्यादेखाली जाण्याचा धोका असल्याने वेग प्रत्यक्ष मोजणे तेथे कायदेशीर खबरदारीचाच भाग आहे.
- भारत: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार निषिद्ध असून, पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्यांबाबतची कारवाईही कायद्याने ठरवलेल्या परवानगीनेच होऊ शकते. परवानाधारक बंदुकीची नळी आखूड करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ अन्वये स्वतंत्र परवाना लागतो, आणि तो नसताना नळी कापणे हा तुरुंगवासाच्या शिक्षेस पात्र गुन्हा आहे. परदेशात कायदेशीरपणे घेतलेली रायफल भारतीय परवान्याशिवाय सोबत आणता येत नाही.

कायद्याची किमान मर्यादा पाळली आणि आघातवेगाचा हिशेब जुळला, की उरलेली निवड सोयीची असते. ज्यांची शिकार जंगलात आणि शंभर-दीडशे यार्डांच्या आत आहे त्यांनी १६ ते २० इंची नळी निःशंकपणे घ्यावी, ज्यांना मोकळ्या माळावर तीनशे यार्डांपलीकडे जायचे आहे त्यांनी २४ इंच किंवा अधिक घ्यावी, आणि ज्यांचे अजून ठरलेले नाही त्यांनी मध्यम काडतुसाची २२ इंची रायफल घेऊन वाचलेले पैसे सरावाच्या काडतुसांवर खर्च करावेत, कारण नळीच्या चार इंचांनी मिळणाऱ्या पस्तीस यार्डांपेक्षा कितीतरी अधिक यार्ड एका हंगामाचा नियमित सराव मिळवून देतो.